पी०४५६ : मिनीव्हॅनमधून पेट्रोलची वाफ नक्की जात कुठून होती

पी०४५६ म्हणजे पेट्रोलची वाफ कुठूनतरी अगदी थोडी गळतेय असं सांगणारा गाडीचा कोड. ज्याच्या गाडीत हा कोड येतो त्याला सगळे एकच सांगतात, "गॅस कॅप (पेट्रोल टाकीचं झाकण) नीट लावली नसशील". मलाही नवऱ्याने सांगितलं, शेजाऱ्याने सांगितलं, ऑफिसमधल्या ज्या माणसाला स्वतःच्या गाडीचं बॉनेट कसं उघडतात हे माहीत नाही त्यानेसुद्धा सांगितलं. कॅप नव्हती. काय होतं ते पुढे येईलच, पण शोधलं कसं ते नीट लिहितेय, कारण व्हिडिओत सगळे थेट स्मोक मशीन (नळ्यांत धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र) लावतात आणि त्याच्या आधीचा जो फुकटात होणारा भाग आहे तो कोणी दाखवतच नाही.

आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सी. गाडी जपानी कंपनीची सात सीटर मिनीव्हॅन, २०१३ची, मुलींचे क्लास, भारतातून येणारे पाहुणे, नायगाराच्या वाऱ्या, गणपतीचं मखर, सगळं तिच्यातूनच. सप्टेंबरमध्ये मखर परत नेऊन ठेवलं आणि त्याच आठवड्यात डॅशबोर्डवर पिवळी चेक इंजिन लाईट लागली. गाडी चालायला एकदम झकास, ना झटके ना ॲव्हरेज कमी, वासही नाही. तसं बघितलं तर वर्षभर दुर्लक्ष केलं असतं तरी गाडी चालली असती. पण काचेवरच्या इन्स्पेक्शन स्टिकरवर सरकारी तपासणीची मुदत नोव्हेंबर होती आणि इथे लाईट लागलेली गाडी इन्स्पेक्शनला नेली की नापास, त्यात चर्चाच नाही.

माझ्याकडे ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आहे, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीचे कोड वाचायचं सॉकेट) लावायचा आणि फोनवर ॲपमध्ये बघायचं. (१९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकलेल्या सगळ्या पेट्रोल गाड्यांना हा पोर्ट असतो.) कोड आला पी०४५६. ह्या घराण्यात तीन भावंडं आहेत, पी०४५५ म्हणजे मोठी गळती, बहुतेक वेळा कॅप विसरलेली किंवा नळी निसटलेली, पी०४४२ म्हणजे छोटी आणि पी०४५६ म्हणजे अगदीच छोटी. अगदीच छोटी म्हणजे किती, तर ०.०२ इंचाचं भोक, अर्धा मिलिमीटर. मुलीच्या कंपासमधल्या ०.५च्या पेन्सिलीचं शिसं असतं ना, तेवढं. एवढ्या मोठ्या गाडीत, टाकीपासून इंजिनापर्यंत पसरलेल्या नळ्यांमध्ये तेवढं भोक शोधायचं.

आता ही वाफेची भानगड काय ते थोडक्यात. पेट्रोल टाकीत नुसतं पडून असलं तरी त्याची वाफ होत राहते. पूर्वी ती सरळ हवेत सोडायचे. ती वाफ आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन आणि स्मॉग होतो हे १९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या हवेवर काम करणाऱ्या कॅल्टेकच्या हागन-स्मिट यांनी दाखवलं, आणि मग १९७० साली कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून सगळ्या अमेरिकेत नवीन गाड्यांना वाफ आत कोंडून ठेवायची सक्ती झाली. कोंडायची म्हणजे टाकीतली वाफ एका डब्यात न्यायची ज्यात ॲक्टिव्हेटेड कोळसा भरलेला असतो, तो कॅनिस्टर. कोळसा वाफ धरून ठेवतो, नंतर गाडी चालू असताना इंजिनाजवळचा पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं. कॅनिस्टरला दुसऱ्या बाजूने ताजी हवा यायला एक व्हेंट असतो. बस, एवढंच. टाकी, भरायचं नळकांडं म्हणजे फिलर नेक, कॅप, कॅनिस्टर, दोन व्हॉल्व्ह, एक प्रेशर सेन्सर आणि नळ्या.

खरी गंमत पुढे आहे आणि माझ्या मते हा कोड आलेल्या माणसाने आधी हेच समजून घ्यायला हवं, की गाडी ही गळती तपासते कधी आणि कशी. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे. काही गाड्या सकाळी थंड इंजिन स्टार्ट केल्यावर तपासतात आणि त्यातही टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये भरलेली लागते. आमच्या गाडीत कॅनिस्टरजवळ एक छोटा व्हॅक्यूम पंप आहे, गाडी बंद करून पाच तास झाले की तो आपला आपण चालू होतो. इंजिनाचं पाणी तेव्हाही ३५ डिग्रीच्या वर असेल तर सात तासांनी बघतो, तरीही गरम असेल तर साडेनऊ तासांनी. आधी तो ०.०२ इंचाच्या एका ठरलेल्या भोकातून हवा ओढतो आणि किती व्हॅक्यूम झाला ते नोंदवतो, मग व्हेंट बंद करून अख्ख्या टाकीतून ओढतो. टाकीचा व्हॅक्यूम त्या नोंदीपर्यंत गेला तर पास, नाही गेला तर कुठेतरी त्या भोकापेक्षा मोठं भोक आहे. लागोपाठ दोनदा नापास झाली की लाईट.

आणि ह्यालाही अटी आहेत. हवा साधारण ४ ते ३५ डिग्रीच्या मध्ये हवी, टाकी गच्च भरलेली नको. म्हणजे इथे डिसेंबरात कोणी कोड पुसला तर जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत गाडी टेस्टच करणार नाही आणि मालक खूश की "आपोआप गेली लाईट", मार्च-एप्रिलमध्ये परत येते तेव्हा त्याला वाटतं नवीन काहीतरी झालं. आमच्या ओळखीत एकाने ह्याच कारणाने प्रत्येक वसंतात नवीन गॅस कॅप घेतलेली आहे.

इन्स्पेक्शनची एक पळवाट पण आहे आणि ती मला निदान चार जणांनी सुचवली. कोड पुसला की गाडीचे सगळे मॉनिटर, म्हणजे ती स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या, "नॉट रेडी" होतात, थोडं चालवलं की एकेक रेडी होत जातो, सगळ्यात उशिरा हा वाफेवाला. २००१ आणि त्यापुढच्या गाड्यांना एक मॉनिटर नॉट रेडी असला तरी चालतो. म्हणजे पुसा, बाकीचे रेडी होऊ द्या, वाफेवाला व्हायच्या आत इन्स्पेक्शन उरका. चालतं हे, लोक करतात. मी केलं नाही ते काही पर्यावरणाच्या प्रेमापोटी नाही, माझा मुद्दा साधा आहे की लाईट कायमची लागलेली असेल तर उद्या खरंच मिसफायर झाला किंवा इंजिनाचं दुसरं काही बिघडलं तर कळणार कसं, लाईट तर आधीच लागलेली आहे. मुली बसतात त्या गाडीत.

तर, फुकटातला भाग. पहिली कॅप. न्यू जर्सीत १९४९ पासून कायदा आहे की पेट्रोल स्वतः भरायचं नाही, पंपावरचा माणूसच भरणार, त्यामुळे कॅप कोण लावतं, किती टिकटिक वाजेपर्यंत पिळतं हे आपल्या हातात नसतं, आपण काच खाली करून कार्ड देतो आणि फोन बघत बसतो. शिवाय बरेच जण नोजल बंद पडल्यावरही रक्कम राउंड करायला अजून थोडं थोडं भरतात, ते फार वाईट, कारण जास्तीचं पेट्रोल द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळशाची वाट लावतं. मी आता काच खाली केली की आधी सांगते, क्लिक झालं की बस. तर कॅप काढली, रबरी रिंग उजेडात फिरवून फिरवून बघितली, कुठे तडा नाही, चपटी झालेली नाही, नखाने दाबली तर परत वर येते. ज्या कडेवर ती टेकते ती कड पांढऱ्या कपड्याने पुसली तर कपड्यावर विटकरी रंगाची पूड आली. थोडीशीच. तो कपडा मी फेकला नाही, गॅरेजच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

मग पर्ज व्हॉल्व्ह. बॉनेट उघडलं की इनटेकजवळ असतो, एक वायरचा कनेक्टर आणि दोन नळ्या. करंट नसताना तो बंद असायला हवा. नळ्या काढल्या आणि माझ्याकडे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप होता, गेजवाला, तो लावून व्हॅक्यूम दिला आणि काटा जागचा हलतो का बघितलं. चहा होईपर्यंत काटा तिथेच. म्हणजे हा सुटला. गेज नसेल तर तोंडाने फुंकून बघतात लोक, मोठी गळती त्याने कळते पण अर्ध्या मिलिमीटरच्या हिशोबात तोंडाचा काही भरवसा नाही.

तिसरी गोष्ट फार कमी लोक बघतात, स्कॅनर ॲपमधला मोड ६. तिथे गाडीने स्वतः केलेल्या टेस्टचे आकडे असतात, किती आला आणि किती चालतो. आमचा आकडा मर्यादेच्या अगदी कडेला होता, किंचित पलीकडे. हे कळल्याने दोन फायदे झाले. एक तर कॅनिस्टर फुटलाय, नळी निसटलीय असलं काही मोठं नाही हे नक्की झालं, आणि दुसरं, भोक जर सीमेवरचं असेल तर ते हळूहळू मोठं होत आलेलं आहे, म्हणजे झीज किंवा गंज, एकदम तुटलेला पार्ट नाही. कपड्यावरची पूड इथे मला परत आठवली.

एका रात्री मुद्दाम गाडी संध्याकाळी आठला गॅरेजमध्ये लावली आणि एक वाजता खाली जाऊन उभी राहिले. नवरा म्हणाला तुला वेड लागलंय. अंधारात, शटर बंद, सगळं शांत, आणि एकच्या थोडं पुढे मागच्या चाकांच्या बाजूने बारीक घुर्र असा आवाज सुरू झाला, मधेच टक् करून व्हॉल्व्हचा आवाज, परत घुर्र, सूर थोडा बदललेला. गाडी स्वतःची तपासणी स्वतः करत होती आणि मी चपला घालून तिच्याशेजारी उभी. पंप चालतो, व्हॉल्व्ह हलतो, म्हणजे तपासणारं यंत्र चालू आहे, गळती खरी आहे. ह्याचं महत्त्व लगेच पुढे आलं.

पुढे असं आलं की नवऱ्याच्या आग्रहाने एका गॅरेजमध्ये दाखवली. कोड वाचला, गाडीखाली टॉर्चसुद्धा न मारता सांगितलं, "ह्या मॉडेलला कॅनिस्टर आणि पंपाची असेंब्लीच जाते, बदलून टाकू", आणि आकडा हजार डॉलरच्या वरचा. मी विचारलं स्मोक टेस्ट केली का, तर म्हणे गरज नाही, आम्हाला माहीत आहे. मी विचारलं पंप गेला असेल तर पंपाचे वेगळे कोड यायला हवेत, ते कुठे आहेत, तर तो माणूस कॉम्प्युटरकडे बघायला लागला. गाडी परत आणली. राग त्यांनी अंदाज बांधला ह्याचा नाही, अंदाज मीही बांधतच होते, पण माझ्या अंदाजाचे पैसे कोणी दुसरा भरत नव्हता.

व्हेंटची बाजू मात्र मी तरीही बघून घेतली. ताज्या हवेची नळी आणि तिचा फिल्टर धुळीने बुजलेला असू शकतो, कोळीष्टकं असू शकतात. कोळ्यांचं ऐकून हसू येतं पण २०११ मध्ये माझदाने अमेरिकेत पन्नास हजारांच्या वर गाड्या ह्याच कारणाने परत बोलावल्या होत्या, पिवळ्या जातीचा एक कोळी पेट्रोलच्या वासाने येऊन व्हेंटच्या नळीत जाळं विणत होता, नळी बुजली की टाकीत व्हॅक्यूम वाढून टाकीला तडा जायची भीती. आमच्याकडे धूळ होती, कोळी नव्हता.

आता राहिलं स्मोक मशीन. गॅरेजवाले नुसत्या टेस्टचे दीडशेच्या आसपास घेतात, छोटं मशीन ऑनलाइन त्याहून स्वस्तात मिळालं. आत एक हीटर असतो, त्यावर मिनरल ऑइल म्हणजे साधं बेबी ऑइल तापून पांढरा दाट धूर होतो आणि हवेच्या हलक्या दाबाने तो नळीतून बाहेर येतो. इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला हवी, दाब अर्धा पीएसआयच्या वर न्यायचा नाही. टायरचा कंप्रेसर थेट लावला तर टाकीचे सील, सेन्सर सगळं जाईल. आणि पेट्रोलच्या वाफेशी खेळतोय हे विसरायचं नाही, शटर पूर्ण वर, गाडी अर्धी बाहेर, मशीनची बॅटरी लांब ठेवलेली, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि गॅरेजमधला गीझर बंद कारण त्याला पायलटची ज्योत असते. सिगार आणि रंगाचा रिकामा डबा वापरून घरगुती मशीन बनवायचे व्हिडिओ आहेत, ते करू नका बाई.

धूर मी पर्ज व्हॉल्व्हकडून टाकीकडे जाणाऱ्या नळीतून सोडला. कॅपच्या जागी ॲडॅप्टर लावूनही सोडता येतो पण मग कॅपचीच टेस्ट होत नाही. पहिल्यांदा व्हेंट उघडाच ठेवला, थोड्या वेळाने गाडीखालून धूर यायला लागला, शेजारची आजी खिडकीतून हात हलवून विचारते सगळं ठीक आहे ना. ठीकच होतं, व्हेंट करंट नसताना उघडा असतो म्हणून धूर तिथूनच येणार, उलट नळ्या मोकळ्या आहेत हे कळलं. मग व्हेंटच्या नळीला रबरी बूच मारलं. आता धूर कोंडला गेला. टाकी पाव भरलेली होती म्हणजे आत पोकळी मोठी, दाब यायला बराच वेळ लागतो, इथे लोक घाई करतात. सगळीकडे धूर पोचला का हे बघायची युक्ती म्हणजे कॅप क्षणभर उघडायची. टाकीतून फिलर नेकच्या तोंडापर्यंत एक बारीक नळी परत येते, तिच्यातून धूर वर येतो. आला. कॅप लावली.

मशीनवर काचेच्या नळीत एक छोटी गोळी असते, हवा वाहत असेल तर ती वर तरंगते, सगळं बंद असेल तर तळाला बसते. आमची गोळी खाली आली, अजून खाली आली, आणि तळाच्या जरा वर थरथरत राहिली. बसेना. म्हणजे जातोय धूर, थोडा पण जातोय. मी टॉर्च घेऊन कॅपभोवती बघितलं, काही नाही. इंजिनाकडे, काही नाही. खाली सरकून कॅनिस्टर, पंप, प्रत्येक जोड, टॉर्च तिरका धरून बघितला, कुठेही काही नाही. हजाराच्या वरची असेंब्ली कोरडी ठणठणीत.

मग डावं मागचं चाक काढलं. जॅकवर नुसतं विश्वासाने राहू नये, खाली स्टँड लावलेच. चाकाच्या आत काळा प्लास्टिकचा लायनर असतो, त्याच्या क्लिपा अकरा हिवाळे खाल्लेल्या, निम्म्या तुटल्याच, आणि लायनर ओढला तशी अंगावर ढीगभर माती पडली. माती म्हणजे माती, वाळू, सडकी पानं आणि मधे पांढरट खडे. फिलर नेक वर तोंडापासून खाली टाकीकडे ह्या लायनरच्या मागूनच जातो. लोखंडी पाइप, वरचा काळा रंग फुगून पोपडे आलेला. गाडीच्या बॉडीला पाइप धरून ठेवणारी एक पट्टी आहे, त्या पट्टीच्या आणि पाइपच्या मधे ती ओली माती वर्षानुवर्षं बसलेली होती, आणि टॉर्च खालून मारला तेव्हा पट्टीच्या मागच्या कडेने धुराची एक बारीक रेघ सरळ वर जात होती. मी बोट आडवं धरलं, रेघ वाकली. बोट काढलं, परत सरळ. मी तिथे नुसती बघत बसले थोडा वेळ.

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल. शनिवारी सकाळी आमच्याकडे नऊ म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसहा, त्यांची ठरलेली वेळ. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये अख्खी नोकरी काढली.

"काय कराय लागलीस गं? कुठं घुसलीयास?"

"बाबा, थांबा, दाखवते," म्हणून फोन चाकाच्या जागी धरला.

"सायलेन्सर हाय व्हय?"

"नाही हो, पेट्रोल भरायचा पाइप. गंजून भोक पडलंय."

"एवढा गंज? आपल्याकडं किनाऱ्याच्या गाड्यास्नी बी एवढा नसतोय. समुद्र हाय काय जवळ?"

"समुद्र नाही, इथे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळायला."

बाबा दोन सेकंद गप्प. "रस्त्यावर मीठ टाकत्यात. आणि मग पत्रा ऱ्हाईल म्हणत्यात." आईला हाक मारून ही बातमी सांगितली गेली. आईला गंजाशी काही घेणंदेणं नव्हतं, तिने मी जेवले का विचारलं.

नवऱ्याला आठवलं की भारतातून आणलेलं एमसील ड्रॉवरमध्ये पडलंय, बोटाने दाबून लावलं की झालं, नवीन पाइप कशाला. बाबांनी फोनमधूनच उडवून लावलं, "जावईबापू, एमसील लोखंडाला चिकटतंय, ह्ये लोखंड कुठं राहिलंय? स्क्रू ड्रायव्हरनं जरा टोचून बघ पोरी." मशीन बंद केलं, धूर जाऊ दिला आणि पट्टीजवळ टोचलं, टोक आत गेलं. अर्ध्या मिलिमीटरचं भोक क्षणात पाच मिलिमीटरचं झालं आणि तो वाद तिथेच संपला. वरच्या कडेची विटकरी पूडही ह्याच पाइपची, तोंडापाशीसुद्धा गंज आतून सुरू झाला होता.

नवीन फिलर नेक बाहेरच्या कंपनीचा सत्तर डॉलरच्या आसपास मिळाला. बसवायचं वर्णन फार करत नाही, तोंडाजवळचे स्क्रू, पट्टीचे बोल्ट, खाली टाकीकडे रबरी होजचे क्लॅम्प, एवढंच आहे, फक्त त्यातला प्रत्येक गंजलेला. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं, सकाळी परत मारलं, तरी एक बोल्ट मुंडक्यातून तुटलाच. ठिणगी उडेल असं काही वापरायचं नाही, म्हणजे ग्राइंडर नाही, गॅसच्या ज्योतीची आच नाही, हाताने करवत आणि भरपूर ऑइल. टाकी पाव भरलेली असल्याने पेट्रोल पाइपच्या जोडाच्या खाली होतं, उघड्या तोंडाला कापडाचा बोळा घालून प्लास्टिक बांधलं. एक गोष्ट विसरू नका, पाइपपासून बॉडीला एक छोटी अर्थिंगची वायर किंवा पट्टी असते, ती परत घट्ट लावायची. पेट्रोल भरताना स्टॅटिक चार्ज तयार होतो तो तिच्यातून बॉडीत जातो. जुन्या पाइपवरून ती गंजून गळून पडली असेल तर कळतसुद्धा नाही की होती. नवीन पाइपला बसवायच्या आधी गंजरोधक रंगाचे दोन हात दिले, पट्टीच्या खाली जास्त, आणि लायनरच्या मागची सगळी माती पाण्याने धुऊन काढली. ती माती आता मी दर एप्रिलला धुणार आहे, लायनरच्या खालच्या फटीतून पाण्याचा पाइप घातला तरी बरीच निघते.

परत धूर सोडला. गोळी खाली आली, थरथरली, आणि तळाला टक्कन बसली. दहा मिनिटं ठेवली, हलली नाही.

कोड पुसला. मग तेच, वाट बघणं. टाकी अर्धीच ठेवली, मुलीला क्लासला सोडून आले, गाडी गॅरेजमध्ये लावली आणि ह्यावेळी झोपले. सकाळी मोड ६ उघडला तर आकडा मर्यादेच्या बराच आत, आणि वाफेचा मॉनिटर "कम्प्लीट". किल्मर रोडच्या सरकारी इन्स्पेक्शनला नेली, लाईनीत बसण्यात जेवढा वेळ गेला तेवढा तपासायला लागला नाही, वायर जोडली, काढली, नवीन स्टिकर. सरकारी स्टेशनवर इन्स्पेक्शन फुकट असतं, हे इथे नवीन आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींना माहीत नसतं आणि ते खासगीत पैसे देऊन येतात.

जुना पाइप बाबांनी कापून आतून दाखवायला लावला. पट्टीच्या जागेवर पत्रा कागदासारखा झालेला, ती तीन बोटं जागा सोडली तर बाकी पाइप बऱ्यापैकी ठणठणीत होता. म्हणजे माती अडकली नसती तर अजून दहा वर्षं गेला असता असं त्यांचं मत, आणि डिझाइन करणाऱ्याला ते एका वाक्यात जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्मोक मशीन सध्या घरी नाही. ढोल पथकातला एक जण घेऊन गेलाय, त्याच्या गाडीत पी०४९६ कोड आलाय, म्हणजे नको तेव्हाही इंजिन टाकीतली वाफ ओढतंय, आणि पेट्रोल भरून आलं की गाडी पटकन स्टार्ट होत नाही, ॲक्सिलरेटर दाबून स्टार्ट करावी लागते. मी त्याला सांगितलंय की धूर सोडायच्या आधी पर्ज व्हॉल्व्हचा कनेक्टर काढ आणि हातपंप लाव, तो उघडा अडकलाय, मशीनची गरजच पडणार नाही. तरी घेऊन गेला, त्याला धूर बघायचाय.